बर्लिनची गायकसभा

ज्यांचा चरितार्थ गाण्यावर चालत नाहीं, गाण्याबद्दल ज्यांस कोणी एक पैही देत नाहीं, उलट वर्गणी म्हणून ज्यांस पदरचेंच द्यावें लागतें, अशीं कांहीं माणसें दर आठवड्यास ठराविक वारीं एकत्र जमतात, घटका दोन घटका त्याच त्या ओळी पुनः पुनः घोळतात आणि आपापल्या घरीं जातात. युरोपांत व अमेरिकेंत हें दृश्य आज इतकें साधारण झालें आहे कीं, याचा कोणीतरी कधीं आरंभ केला असेल, हें सहसा कोणाच्या मनांतही येत नाहीं. अशा हौशी गायकमंडळ्यांत जी अत्यंत जुन्यांपैकीं असून पुढील अनेकांस नमुना झाली, तिची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. ही मंडळी बर्लिन शहरांतील असून तिचा जन्मदिवस २४ मे १७९१ हा मानतात. तिचें नांव 'झिंगआकाडेमी'. हा उच्चार मराठी कानास जरा विनोदी लागेल खरा. परंतु जर्मन भाषेंत 'झिंगेन' म्हणजे गाणें, आणि 'आकाडेमी' हें उपपद तिला कसें लागलें तें पुढें येईलच.

प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आमच्याकडे पन्नास वारकरी दिंडींत अभंग म्हणूं लागले, तरी ते सर्व मिळून एकच चाल म्हणतात. कोणाचा आवाज वरच्या सप्तकांत असेल, कोणाचा खालच्या, एवढाच काय तो भेद. पाश्चात्य समूहगायनाची रीत निराळी. तेथें स्त्रियांच्या उंच व खालच्या आवाजांस सोप्रानो व आल्टो आणि पुरुषांच्या उंच व खालच्या आवाजांस टेनर व बास अशीं नांवें असून, त्या प्रत्येकास स्वतंत्र चाल लिहिलेली असते. चारही चाली एकाच वेळीं चालतात व त्यांचा मेळ बसून जो नाद उठतो, तोच त्या गीताचा खरा देह. त्यामुळें एकट्या आल्टोची चाल ऐकली तर ती बहुधा अपुरी, केव्हां केव्हां नीरसही वाटते. शेजारी दुसरे तीन आवाज उभे राहिले म्हणजेच तिचा अर्थ लागतो. अशा गायकास स्वतःचा सूर सोडावयाचा नसतो आणि दुसऱ्याचा ऐकणेंही थांबवावयाचें नसतें. हें काम दिसतें त्यापेक्षां पुष्कळ कठीण आहे. सोबतीस वाद्य नसलें तर तें आणखी कठीण होतें; कारण आमच्याकडे गवयाच्या कानाशीं तंबोरा अखंड वाजत असतो, तसा तेथें कोणताच आधार नसतो, आणि सारी मंडळी नकळत हळूहळू उतरत जाऊन भलत्याच सुरावर येऊन थांबते.

कार्ल फ्रीड्रिख क्रिश्चन फाश हा गृहस्थ नेमक्या याच अडचणीशीं आयुष्यभर झगडला. तो १७३६ सालीं झेर्ब्स्ट या गांवीं जन्मला. त्याचा बापही नांवाजलेला संगीतरचनाकार होता. १७५६ सालीं तो प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याच्या दरबारीं हार्प्सिकॉर्डवादक म्हणून नोकरीस लागला. राजा स्वतः बांसरी वाजवीत असे, व त्याची साथ करण्याचें काम फाश आणि थोर बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल बाख यांच्याकडे आळीपाळीनें असे. पण त्याच वर्षीं सप्तवार्षिक युद्ध पेटलें, दरबारच्या संगीताची पुंजी आटली आणि फाशला शिकवण्या करून पोट भरण्याची पाळी आली. तो प्रकृतीनें नाजूक व स्वभावानें फार चिकित्सक होता. लांबलचक गुणाकार मांडावयाचे, ते चुकीवांचून सुटले तर दिवस शुभ समजावयाचा व मगच रचनेस बसावयाचें, अशा त्याच्या कांहीं विलक्षण संवयी होत्या, असें त्याच्या शिष्यानें लिहिलेल्या चरित्रावरून कळतें.

१७८३ सालीं त्याच्या हातीं इटलींतून आलेली एक जुनी संगीतप्रत पडली. ओराझिओ बेनेव्होली या सतराव्या शतकांतील रोमन रचनाकाराची ती उपासनागीताची रचना सोळा आवाजांकरितां होती. चार नव्हे, सोळा! ती पाहून फाशला ध्यास लागला व त्यानें स्वतः तशीच सोळा आवाजांची एक रचना केली. पण ती गाणार कोण? दरबारच्या पगारी गायकांकडून ती म्हणवून पाहिली, तेव्हां ती नीट उतरेना. ते गायक कांहीं अडाणी नव्हते. परंतु एकेकट्यानें रंगभूमीवर चमकण्याची त्यांस संवय, सोळांतला एक होऊन उभें राहण्याची नव्हे. महिनेच्या महिने तेंच तें घोटण्यास लागणारी सवड व सोशिकता तरी पगारी माणसाजवळ कोठून असावी? येथें आम्हांस या सर्व हकीकतीचें मर्म दिसतें. जें काम धंदेवाईकांच्या हातून पार पडेना, त्यासाठीं फाश हौशी माणसांकडे वळला, आणि त्यास तीं सांपडलीं तीं आपल्याच शिकवणीच्या विद्यार्थ्यांत व विशेषतः विद्यार्थिनींत.

आरंभीं कोणा परिचिताच्या दिवाणखान्यांत, उन्हाळ्यांत एखाद्या बागेंतल्या घरांत, अशी थोडीं माणसें जमत. पुढें १७९१ च्या मे महिन्यांत उंटर डेन लिंडेन या प्रसिद्ध रस्त्यावरील एका बाईंच्या घरीं पंचवीस-तीस मंडळी जमली असतां, कोण कोण हजर होतें याची प्रथमच वहींत नोंद करण्यांत आली. या हजेरीवहीच्या आरंभासच संस्थेचा जन्म समजतात. आम्हांस ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. ना उद्घाटनाचा समारंभ, ना अध्यक्षांचें भाषण. केवळ कोण आलें व कोण आलें नाहीं हें लिहून ठेवावयाचें ठरलें, आणि घोळका होता त्याची संस्था झाली. तो दिवस मंगळवार होता, आणि मंगळवार हाच पुढेंही तालमीचा वार राहिला. १७९३ सालीं दिवाणखाना अपुरा पडूं लागला, तेव्हां राजाच्या कलाशाळेंतील, म्हणजे तेथील भाषेंत 'आकाडेमीं'तील, एक दालन त्यांस वापरावयास मिळालें. आणि आकाडेमींत गाणारी मंडळी ती झिंगआकाडेमी, असें नांव रूढ झालें.

स्त्रीपुरुषांनीं देवळाबाहेर व नाटकगृहाबाहेर एकत्र बसून गावें, आणि तें कोणाच्या करमणुकीकरितां नव्हे तर शिकण्याकरितां, ही गोष्ट त्या काळच्या बर्लिनलाही नवीन होती. कित्येक ठिकाणीं देवळांत स्त्रियांनीं गाण्यास अद्याप मज्जाव असे व त्यांचे उंच सूर शाळेंतील पोरांकडून म्हणवून घेत. फाशच्या मंडळींत मात्र कुलीन घराण्यांतील मुली, सरकारी अधिकाऱ्यांच्या बायका, व्यापारी, विद्यार्थी व कारागीर हे शेजारीं शेजारीं बसत, आणि फाश स्वतः हार्प्सिकॉर्डपाशीं बसून त्यांस सांभाळून घेई. जाहीर जलसे करण्याकडे त्याचें लक्ष नव्हतें. तरी लौकिक पसरावयाचा तो पसरलाच. जून १७९६ मध्यें बीथोव्हेन हा पंचविशींतला तरुण बर्लिनला आला असतां त्या महिन्याच्या २१ व २८ या दोन्ही मंगळवारीं तो तालमीस येऊन बसला व त्यानें मंडळीस आपलें वादनही ऐकविलें. १७९४ पासूनच फाशनें योहान सेबास्टिअन बाख याचीं वाद्यांवांचून गावयाचीं कांहीं गीतें तालमींत घेण्यास आरंभ केला होता. बाख १७५० सालीं वारला होता. जाणत्या लोकांत त्याच्या वाद्यरचनांविषयीं आदर असला, तरी त्याचें मोठें समूहगान बहुतेक ठिकाणीं बासनांत बांधलेलें पडलें होतें. फाश ३ ऑगस्ट १८०० रोजीं वारला. मरतांना, त्या सोळा आवाजांच्या रचनेपूर्वींचें आपलें बहुतेक लेखन जाळून टाकावें, असें त्यानें आपल्या शिष्यास बजावलें होतें.

हा शिष्य कार्ल फ्रीड्रिख त्सेल्टर. हा मूळचा गवंडी. बाप गवंड्यांचा मुकादम, घरचा धंदा तोच, म्हणून मुलगाही १७८३ सालीं परीक्षा देऊन त्याच धंद्यांत 'मास्तर' झाला. परंतु संगीताचें वेड कांहीं सुटेना. फाशची पाळी पॉट्सडॅमच्या राजवाड्यांत असे त्या दिवसांत, हा भल्या पहांटे बर्लिनहून पायीं निघे, पंधरा मैलांहून अधिक वाट तुडवून पाठ घेई व पुनः कामावर येई. हात चुन्याचे, कान स्वरांचे! धिप्पाड शरीर, फटकळ जीभ व आंत मऊ मन, असें त्याचें वर्णन त्याच्या ओळखीच्यांनीं करून ठेविलें आहे. महाकवि गटे याशीं त्याचा १७९९ पासून पत्रव्यवहार होता. उतारवयांत ज्यांस गटेनें एकेरीनें संबोधलें अशा अगदीं थोड्या माणसांत हा गवंडी होता.

त्सेल्टरनें बत्तीस वर्षें मंडळी चालविली. १८०७ सालीं त्यानें तिला जोडून हौशी वादकांचा एक ताफा उभा केला. १८०९ सालीं पंचवीस पुरुषांची एक गानपंगत सुरू केली. एका मेजाभोंवतीं जेवावें व सभासदांनींच रचलेलीं गीतें म्हणावीं, असा तिचा शिरस्ता होता. त्याच धर्तीवर पुढें जर्मनीभर शेंकडों पुरुषमंडळें निघालीं. पण त्याचें खरें काम मंगळवारच्या तालमीचें. बाखच्या अवघड रचना तो दारें बंद करून, श्रोत्यांवांचून, वर्षानुवर्षें घोटून घेत असे. लोकांपुढें त्या मांडण्याचें धैर्य मात्र त्यास होत नव्हतें. हें कोणाच्या गळीं उतरणार नाहीं, अशी त्याची पक्की समजूत होती.

या कामीं एका बाईचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सारा लेवी ही बर्लिनमधील एका श्रीमंत ज्यू सावकाराची मुलगी. थोर बाखचा वडील मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याजपाशीं तिनें वादनाचे धडे घेतले होते. त्सेल्टरच्या वादकांच्या ताफ्यांत ती हार्प्सिकॉर्ड वाजवी. बाख घराण्याच्या हस्तलिखितांचा तिनें जो संग्रह केला होता, त्यांतील पुष्कळ भाग तिनें झिंगआकाडेमीस देऊन टाकला. छापील संगीत तेव्हां दुर्मिळ व महाग. सोळा आवाजांची एक रचना गावयाची तर सोळा निरनिराळे कागद हातानें नकलून काढावे लागत, आणि एकेका आवाजांत दहा गायक असले तर त्यांच्याही प्रती हव्यात. म्हणून अशा मंडळीचें कपाट हेंच तिचें धन. सभासद येत व जात, कागद रहात.

सारा लेवीच्या बहिणीचा नातू फेलिक्स मेंडेल्सझोन व त्याची बहीण फानी हीं दोघें त्सेल्टरपाशीं संगीत शिकत, आणि १८२० सालीं, फेलिक्स अकरा वर्षांचा असतां, दोघेंही झिंगआकाडेमीचीं सभासद झालीं. फेलिक्सचा आवाज अद्याप फुटला नव्हता, म्हणून तो आल्टोंत उभा राही. थोड्याच वर्षांनीं त्याच्या आजीनें त्यास बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'ची नकललेली प्रत भेट दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा वृत्तांत हा या रचनेचा विषय. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद व अनेक एकल गायक मिळून ती गातात व सबंध गावयास सुमारें तीन तास लागतात. एवढें अजस्र काम हातीं घेण्याचें कोणाच्या मनांतही नव्हतें. फेलिक्सनें मात्र १८२७ च्या हिंवाळ्यांत घरींच सोळा-एक मित्र जमवून दर शनिवारीं त्यांतील भाग म्हणून पाहण्यास आरंभ केला.

त्या मित्रांत एदुआर्त देव्रिएंट नांवाचा एक नाट्यगायक होता. सबंध रचना लोकांपुढें झालीच पाहिजे, असें त्याच्या मनानें घेतलें, आणि १८२९ च्या जानेवारींत हे दोघे तरुण त्सेल्टरकडे गेले. म्हातारा आधीं खवळला. ज्या कामास आपण हात घालूं धजलों नाहीं, तें ह्या पोरांनीं करावें! फेलिक्स पाय काढूं लागला होता, पण देव्रिएंट हटेना. अखेर त्सेल्टरचें मन वळलें व त्यानें मदत करण्याचें वचन दिलें. दिवाणखाना मंडळीच्या मालकीचा होता, त्याबद्दल तरुणांनीं पन्नास थालर भाडें द्यावयाचें ठरलें. तालमी सुरू झाल्या. जे सभासद केवळ गंमत पहावयास आले ते गाण्यास राहिले, आणि दर तालमीस गर्दी वाढत गेली.

११ मार्च १८२९ रोजीं जलसा झाला. दीडशेंहून अधिक गायक होते व ते सारे हौशी. वाद्यवृंदांतही बहुतेक हौशीच असून, प्रमुख जागीं राजाच्या वाद्यवृंदांतील कांहीं कसलेले वादक बसले होते. चालविणारा फेलिक्स अवघा वीस वर्षांचा. प्रशियाचा राजा, तत्त्ववेत्ता हेगेल, धर्मोपदेशक श्लायरमाखर (हा मंडळीचा सभासदही होता) व कवि हाइनं हे श्रोत्यांत होते, आणि हजारावर लोकांस जागेअभावीं परत जावें लागलें. रचनेंतील कितीएक भाग त्या दिवशीं गाळले होते, व जीं जुनीं वाद्यें प्रचारांतून गेलीं होतीं त्यांच्या जागीं नवीं घातलीं होतीं. तेव्हां बाखनें ऐकविलें तेंच लोकांनीं ऐकलें असें नव्हे. शिवाय मूळ प्रयोगास बरोबर शंभर वर्षें झालीं, या समजुतीनें सर्वजण भारले होते. पुढील संशोधनाप्रमाणें तो प्रयोग १७२७ चा असावा. या गोष्टींनीं त्या दिवसाचें महत्त्व उणें होत नाहीं. २१ मार्च रोजीं, बाखच्या जन्मदिवशीं, पुनः जलसा करावा लागला. गुड फ्रायडेस तिसरा झाला. तोंवर फेलिक्स इंग्लंडास निघून गेला असल्यामुळें तो खुद्द त्सेल्टरनें चालविला. ज्या रचनेस तो इतकीं वर्षें भीत होता, ती सत्तरी उलटलेल्या गवंड्यानें अखेर आपल्या हातानें लोकांपुढें नेली. आज बाखचें नांव जगभर ज्या आदरानें घेतात, त्या आदराच्या वाढीस या तीन जलशांपासून नवीन जोर आला, असें संगीताचे इतिहासकार मानतात.

ज्या दिवाणखान्यांत हें घडलें, तो मंडळीनें स्वतःच्या हिमतीवर बांधला होता. जागा राजानें दिली. इमारत कार्ल टेओडोर ओट्मर या वास्तुकारानें बांधली, आणि ती एप्रिल १८२७ मध्यें उघडली. हौशी गायकांनीं स्वतःचें सभागृह बांधावें ही अपूर्व गोष्ट खरी, पण त्या बांधकामाचें कर्ज पुढें पुष्कळ काळ मंडळीच्या उरावर बसलें. तें फेडण्याकरितां सभागृह भाड्यानें द्यावें लागे, आणि या निमित्तानें त्या भिंतींनीं गाण्याखेरीज इतरही पुष्कळ ऐकलें. १८२७-२८ च्या हिंवाळ्यांत अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यानें सृष्टिविज्ञानावर सोळा व्याख्यानें येथेंच दिलीं. त्यांस राजापासून कारागिरापर्यंत सर्व थरांतील स्त्रीपुरुष येत. आणि १८४८ च्या क्रांतीच्या वर्षीं प्रशियाची राष्ट्रसभा कित्येक महिने याच दिवाणखान्यांत बसली होती.

आतां एक कडू प्रसंग. १८३२ च्या मार्चमध्यें गटे गेला व मे महिन्यांत त्सेल्टर. मंडळीचा नवा चालक सभासदांच्या मतांनीं निवडावयाचा होता. एका बाजूस फेलिक्स मेंडेल्सझोन, वय चोविसाच्या घरांत, युरोपभर नांव झालेला. दुसऱ्या बाजूस कार्ल फ्रीड्रिख रुंगेनहागेन, वय पन्नाशीपुढें, अनेक वर्षें त्सेल्टरचा दुय्यम. २२ जानेवारी १८३३ रोजीं मतें मोजलीं. रुंगेनहागेनला १४८ व मेंडेल्सझोनला ८८ मिळालीं. फेलिक्सचा बाप्तिस्मा लहानपणींच झाला होता, तरी तो ज्यू वंशाचा, म्हणून त्यास डावललें असें कित्येकांचें मत आहे. आणि तसें बोलणारे त्या वेळीं सभेंत होतेच. दुसरें मत असें कीं, ज्यानें सतरा-अठरा वर्षें मुकाट्यानें तालमी घेतल्या त्यास सोडून, आज येथें तर उद्यां लंडनला असणाऱ्या तरुणाच्या हातीं मंडळी देण्यास सभासद भ्याले. आम्हांस दोन्ही कारणें खरीं दिसतात. हौशी मंडळीस दर मंगळवारीं दार उघडणारा माणूस हवा असतो, हें नाकारतां येत नाहीं. परंतु ज्या घराण्यानें तिचें कपाट भरलें, त्याच घराण्याच्या मुलास असें तोलावें हें चांगलें दिसलें नाहीं. मेंडेल्सझोन कुटुंब मंडळी सोडून गेलें. फेलिक्स प्रथम ड्यूसेलडॉर्फला व १८३५ सालीं लाइप्झिगला गेला, आणि जें बर्लिननें दवडलें तें लाइप्झिगनें घेतलें. रुंगेनहागेनच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं, त्यानेंही बाखचें काम टाकलें नाहीं. निवडून आल्यावर महिन्याभरांतच त्यानें बाखची 'जॉन पॅशन' लोकांपुढें केली.

यानंतरच्या शंभर वर्षांविषयीं फारसें सांगण्याजोगें नाहीं, आणि हीच कदाचित् अशा मंडळीची प्रशंसा म्हणावी. चालक बदलले, तालमी चालू राहिल्या. १८०२ सालीं लाइप्झिगला, १८१९ सालीं हांबुर्गला, १८५८ सालीं व्हिएन्नास अशा ठिकठिकाणीं त्याच नांवाच्या मंडळ्या निघाल्या. व्हिएन्नाच्या मंडळीचा चालक म्हणून १८६३ सालीं तिशींतील ब्राम्स यास नेमलें होतें. गेओर्ग शूमान हा १९०० सालीं बर्लिनला चालक झाला तो १९५२ सालीं मरेपर्यंत होता, म्हणजे कैसरापासून दोन महायुद्धांपर्यंत सर्व कांहीं त्याच्या कारकीर्दींत घडलें. १९३३ नंतर जर्मनींत मेंडेल्सझोनचें संगीत वर्ज्य ठरलें, व १९३६ सालीं लाइप्झिगमधील त्याचा पुतळाही रातोरात हलविला गेला. फेलिक्सनें उठवून दिलेला बाख मात्र त्याच राज्यांत मोठ्या थाटानें गाजत होता. मनुष्याच्या द्वेषास तर्क नसतो, याला आणखी दाखला कशाला हवा?

१९४३ सालीं बर्लिनवर बाँबवर्षाव सुरू झाला, तेव्हां मंडळीचें कपाट, म्हणजे पांच हजारांहून अधिक संगीतप्रतींचा संग्रह, सुरक्षित म्हणून सायलीशिया प्रांतांतील उलर्सडॉर्फच्या गढींत हलविण्यांत आला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सभागृह बाँबनें जळालें. १९४५ सालीं गढी रशियन सैन्याच्या हातीं पडली आणि संग्रह नाहींसा झाला. सारा लेवीनें दिलेल्या प्रती, त्सेल्टरनें नकललेले कागद, फाशचीं गीतें, कशाचाच थांग लागेना. पन्नासांहून अधिक वर्षें संगीताच्या ग्रंथांतून या प्रतींपुढें 'युद्धांत गहाळ' एवढाच शेरा छापला जात होता. सभागृहाची जागा शहराच्या सोव्हिएत भागांत आली. इमारत दुरुस्त होऊन १९५२ पासून तेथें माक्झिम गॉर्की नांवाचें नाटकगृह सुरू झालें, आणि मंडळी बिऱ्हाड बदलल्याप्रमाणें पश्चिम बर्लिनमध्यें येऊन गाऊं लागली. घर नाहीं, कपाट नाहीं. होते ते गळे व तालमीचा वार.

१९९९ च्या उन्हाळ्यांत, क्रिस्तोफ वोल्फ हा बाखविषयक पंडित व त्याचे सहकारी यांनीं युक्रेनमधील कीव शहरांत, साहित्य व कला यांच्या सरकारी दप्तरखान्यांत, हा संग्रह शोधून काढला. रशियन सैन्यानें तो १९४५ सालींच तेथें नेला होता. कोणीतरी तो नीट जतन करून ठेविला होता, ही मोठी नशिबाची गोष्ट. कारण जळालेल्या गांवांतून निघालेल्या कागदांची एरवीं काय गत होते हें सर्वांस ठाऊक आहे. युक्रेनच्या सरकारानें २००१ सालीं तो परत दिला, आणि आतां तो बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयांत मंडळीच्या मालकीचा म्हणून ठेवलेला आहे. त्यांत कार्ल फिलिप एमान्युएल बाख याचीं, कोणीं छापलीं नव्हतीं व दीर्घ काळ कोणीं ऐकलीं नव्हतीं, अशीं वीस-एक दुःखसहनगानें निघालीं. थोर बाखनें आपल्या पूर्वजांच्या रचनांचा जो जुना गठ्ठा जपून ठेविला होता, तोही निघाला. २००२ सालीं तर त्याच कागदांत व्हिव्हाल्दीच्या 'मोतेझूमा' या १७३३ सालच्या व्हेनिसमधील संगीतनाटकाचे स्वर सांपडले. तोंवर त्याचे नुसते शब्दच शिल्लक असून संगीत कायमचें गेलें असें सर्व धरून चालले होते.

सभागृहाचा तंटा त्या मानानें रेंगाळला. तो अखेर जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयापुढें गेला, आणि डिसेंबर २०१२ मध्यें ती इमारत झिंगआकाडेमीच्याच मालकीची आहे असा निकाल झाला. नाटकगृह तेथेंच राहिलें आहे. गायक इतरत्र जमतात.